‘पर्यंत’ कुठल्या पानावर? इंग्रजी शंकांच्या पुस्तिकेच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

शंकापेटी आज रिकामी केली. लालबागच्या आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी बुटांचा एक खोका ठेवलाय. इंग्रजी लिहिताना अडलं की चिठ्ठी टाकायची आणि रविवारी उत्तर न्यायचं. पण त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात आणि उत्तरं तोंडी दिली जातात, म्हणून समितीने ठरवलं की छोटी पुस्तिका काढू. डेमी आकार, ४८ पानं, म्हणजे सोळा पानांचे तीन फर्मे, मध्ये पिन. गणपती २७ ऑगस्टला आहेत. जुलै संपला की लालबाग-परळमधले छापखाने मंडळांच्या अहवालांत आणि पावती पुस्तकांत बुडून जातात. त्याआधी मजकूर गेला नाही तर दिवाळीच उजाडेल.

चिठ्ठ्या टाकणारे बहुतेक नोकरी करणारे आहेत: इमारतींचे वॉचमन, कुरिअरवाले, दवाखान्यातल्या मावशी, सोसायट्यांचे सेक्रेटरी, रात्रशाळेतली मुलं. पस्तिशीच्या पुढच्यांचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं ते २००० साली. त्यांना व्याकरण येत नाही असं मुळीच नाही. काळांचे तक्ते अजून घडाघडा म्हणतात. अडतं ते वाक्य लिहायला घेतल्यावर.

सर आणि मी चिठ्ठ्यांचे गठ्ठे केले. सर म्हणजे आमचे निवृत्त इंग्रजीचे शिक्षक, वय ऐंशीच्या घरात, धोतर-टोपीऐवजी इस्त्रीची पँट एवढाच काय तो आधुनिकपणा. काळ, शब्दयोगी अव्ययं, आर्टिकल, स्पेलिंग, वाक्यरचना असे पाच गठ्ठे झाले. पुस्तिकेची प्रकरणंही हीच, असं सरांनी जाहीर केलं. मी मान डोलावली.

८ जून, रविवार

पहिल्या बारा पानांची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली आणि येईल त्याला म्हटलं, तुमची शंका यात शोधून दाखवा.

कोणालाच सापडेना. रात्रशाळेतल्या एका मुलीला ‘फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे’ हे इंग्रजीत हवं होतं. ती अनुक्रमणिका वरून खाली वाचत राहिली. प्रिपोझिशन या मथळ्यावरून तिचं बोट दोनदा गेलं, पण थांबलं नाही. शेवटी तिने विचारलं, “ताई, यात ‘पर्यंत’ कुठल्या पानावर आहे?”

खरं तर प्रश्न इतका सरळ आहे. तिला इंग्रजी शब्द माहीत असता तर ती पुस्तिका उघडलीच नसती. तिच्या हातात आहे तो मराठी शब्द. मग अनुक्रमणिका त्याच शब्दांची का नको? ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘सांगणे’, ‘ऐकणे’, ‘च’. पाच प्रकरणं मोडून टाकायची आणि मराठी शब्द अकारविल्हे लावायचे.

सरांना हे बाळबोध वाटलं. “व्याकरणाचं पुस्तक आहे की बाजाराची यादी?” असं म्हणाले. मी मोल्सवर्थ काढून दाखवला. १८३१ साली मुंबईत छापलेला कोश, मराठी शब्द आधी आणि इंग्रजी अर्थ नंतर. सर म्हणाले, तो साहेबांना मराठी कळावं म्हणून केलेला. म्हटलं, हो ना, साहेबांची सोय झाली, आता आपली करू.

चिठ्ठ्या पुन्हा पसरल्या. नव्या पद्धतीने गठ्ठे लावताच एक गोष्ट दिसली, जी पाच प्रकरणांत लपली होती: चुका वाटेल तिथे होत नाहीत. जिथे मराठीचा एक शब्द दोन-तीन इंग्रजी शब्दांचं काम एकट्याने करतो, नेमक्या तिथेच गर्दी आहे. पुस्तिकेचा कणा हाच.

१२ जून

‘पर्यंत’चं पान लिहून झालं. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या याच्याच.

‘शिपाई सहापर्यंत ऑफिसात असतो’ आणि ‘फॉर्म सहापर्यंत द्या’. मराठीत एकच ‘पर्यंत’. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’, दुसऱ्याला ‘बाय’. परीक्षा अशी: काम त्या वेळेपर्यंत चालू राहणारं असेल तर ‘टिल’. एकदाच व्हायचं आणि त्या वेळेच्या आत कधीही झालं तरी चालणार असेल तर ‘बाय’. शिपाई सहापर्यंत असतोच असतो. फॉर्म काही सहापर्यंत देत राहायचा नसतो, एकदा दिला की संपलं. ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ असं लिहिलं तर सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज तोच फॉर्म खिडकीत सरकवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो.

आणि ‘दादरपर्यंत’, ‘दहा हजारांपर्यंत’ हे तिसरंच. ठिकाण, रक्कम, संख्या असेल तर ‘अप टू’. वेळेचं तिथे काही नाही.

याच पानावर गेटवरच्या काकांची चिठ्ठी घेतली. काका एका टॉवरच्या गेटवर रात्रपाळीला असतात. त्यांना वहीत बदली वॉचमनसाठी सूचना लिहायची होती: मालकांचा फोन येत नाही तोपर्यंत कोणाला वर सोडू नका. त्यांनी लिहिलं होतं, ‘डू नॉट अलाउ एनीवन अन्टिल ओनर डज नॉट कॉल’. मराठीतला ‘नाही’ त्यांनी प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला. पण ‘अन्टिल’च्या पोटात तो ‘नाही’ आधीच बसलेला आहे. दुसरा घातला की अर्थ उलटा होतो: मालक फोन करत नाहीत तोवर थांबवा, असं नव्हे, तर मालक फोन करणं थांबवेपर्यंत थांबवा. बरोबर वाक्य: ‘डू नॉट अलाउ एनीवन अप अन्टिल द ओनर कॉल्स’. ‘अनलेस’चंही तेच. ‘अनलेस यू पे’ म्हणजेच पैसे भरले नाहीत तर. त्यापुढे ‘डोन्ट’ नको.

काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, “म्हणजे इंग्रजीत एक नकार फुकट मिळतो.” हे वाक्य पुस्तिकेत जसंच्या तसं घेतलंय, त्यांना विचारून.

१५ जून, रविवार

‘पासून’. याचे तीन कप्पे झाले.

२०१५ पासून इथे काम करतो: ‘सिन्स’. दहा वर्षांपासून इथे काम करतो: ‘फॉर’. सोमवारपासून क्लास सुरू होतोय: ‘फ्रॉम’. सुरुवातीचा ठरावीक क्षण आणि तिथून आजतागायत, तर ‘सिन्स’. मधला पल्ला मोजला, तर ‘फॉर’. जे अजून व्हायचं आहे किंवा ज्याची दोन्ही टोकं सांगितलीत, दहापासून सहापर्यंत, तिथे ‘फ्रॉम’.

खरी गोम क्रियापदात आहे. मराठीत आपण ‘काम करतो’ किंवा ‘करतोय’ म्हणतो, वर्तमानकाळच. म्हणून ‘आय अॅम वर्किंग हिअर सिन्स २०१५’ आपसूक तोंडात येतं. इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं, कारण मागून सुरू होऊन आजपर्यंत पोचलेल्या कामासाठी त्यांनी वेगळं रूपच ठेवलंय. बायोडेटात ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो. पान मोठं झालं तरी चालेल, उदाहरणं बायोडेटातलीच ठेवली.

२२ जून, रविवार

आज क्रियापदं. पाऊस असल्यामुळे टेबल भरलेलं होतं. घरी जायची कोणालाच घाई नव्हती.

‘ऐकणे’पासून सुरुवात केली, कारण किस्सा ताजा होता. दवाखान्यात काम करणाऱ्या एका मावशींनी सांगितलं: म्हातारे पेशंट गोळी घेईनात, म्हणून त्यांनी नर्सच्या वहीत लिहिलं, ‘पेशंट इज नॉट हिअरिंग’. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी आजोबांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारायला सुरुवात केली. आजोबा भडकले, मी काय बहिरा आहे? मराठीत ‘ऐकत नाही’ म्हणजे कानाला ऐकू येत नाही, लक्ष देत नाही आणि जुमानत नाही, असे तिन्ही अर्थ निघतात आणि आपल्याला स्वरावरून कळतात. इंग्रजीत ते ‘हिअर’, ‘लिसन’ आणि ‘ओबे’. पेशंटच्या बाबतीत सरळ ‘इज रिफ्युजिंग मेडिसिन’ लिहावं. मावशींनी ते तळहातावर लिहून घेतलं.

‘बघणे’ही तसंच. नजरेस पडणं ‘सी’, मुद्दाम नजर टाकणं ‘लुक अॅट’, हलत्या गोष्टीवर नजर लावून बसणं ‘वॉच’. मॅच वॉच करतात, फोटोकडे लुक अॅट करतात, आणि मित्र रस्त्यात दिसला तर ‘आय सॉ हिम’. मुंबईतलं ‘बघतो’ मात्र पुस्तिकेबाहेर ठेवलं. कोणी ‘बघतो’ म्हटलं की काम होणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याला इंग्रजी शब्द नाही.

‘सांगणे’वर सरांनी सुंदर ओळ दिली: ‘टेल’ला माणूस लागतो, ‘से’ला लागत नाही. ‘ही टोल्ड मी’, पण ‘ही सेड’. ‘ही सेड मी’ कधीच नाही, फार तर ‘ही सेड टू मी’. सर हळूहळू बाजाराच्या यादीत रमायला लागलेत.

‘उसने’: घेणारा ‘बॉरो’, देणारा ‘लेंड’. मराठीत उसने एकच, दिशा घेणे-देणेने कळते. इंग्रजीत दिशा शब्दातच आहे. बास, दोन ओळींत संपवलं.

२६ जून

प्रत्ययांचं पान, लहानच. ‘दादरला पोचलो’, ‘तिच्याशी लग्न केलं’, ‘पाणीपट्टीबद्दल चर्चा केली’. या ‘ला’, ‘शी’, ‘बद्दल’चं भाषांतर करायची सवय सुटली की अर्धं काम झालं: ‘रीच्ड दादर’, ‘मॅरीड हर’, ‘डिस्कस्ड द वॉटर बिल’. मध्ये काही नको. गंमत अशी की तोच शब्द नाम झाला की अव्यय परत येतं: ‘अ डिस्कशन अबाउट द वॉटर बिल’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. म्हणूनच गोंधळ होतो. ‘रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ हा दोन वाक्यांचा संकर आहे.

आणि वेळा. ‘आज सकाळी’ म्हणजे ‘धिस मॉर्निंग’, ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’. ‘टुडे मॉर्निंग’ आणि ‘यस्टरडे नाइट’ मुंबईच्या प्रत्येक ऑफिसात चालतात, तरी पत्रात नकोत.

२९ जून, रविवार

अनुक्रमणिकेचा डाव आज अडला. आर्टिकल! ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांना मराठीत शब्दच नाही, मग ते कुठल्या अक्षराखाली लावायचे? सरांचा चेहरा सांगत होता, बघा, मी म्हणत होतो ना.

तासभर वाद झाला. शेवटी सरांनीच दोन वाक्यं लिहिली:

फलाटावर पाकीट पडलंय.
पाकीट फलाटावर पडलंय.

पहिल्यात कोणाचं तरी, कुठलं तरी पाकीट. दुसऱ्यात आपण ज्याबद्दल बोलत होतो तेच. म्हणजे ‘अ वॉलेट’ आणि ‘द वॉलेट’. मराठीला हा फरक कळतो, फक्त ती तो शब्दांच्या क्रमाने दाखवते. नवी गोष्ट क्रियापदाजवळ येते, ओळखीची सुरुवातीला. मी इतकी वर्षं प्रूफं वाचते, पण हे असं कोणी मांडून दाखवलं नव्हतं. मागच्या बाजूला ‘मराठीत शब्द नाही, पण जाण आहे’ असा वेगळा विभाग करायचं ठरलं, आणि ही दोन वाक्यं त्याच्या माथ्यावर.

नावांपुढचा ‘द’ शिकवायला मुंबईचा नकाशाच घेतला. स्टेशनांना ‘द’ नाही: दादर, कुर्ला, मुंबई सेंट्रल. लाइनीला आहे: ‘द हार्बर लाइन’. साध्या रस्त्याला नाही: लिंकिंग रोड, मरीन ड्राइव्ह. हायवेला आहे: ‘द वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे’. तलावाला नाही: पवई लेक. नदीला आणि समुद्राला आहे: ‘द मिठी’, ‘द अरेबियन सी’. जुहू बीचला नाही. ज्या नावात ‘ऑफ’ आहे त्याला बहुधा असतोच: ‘द गेटवे ऑफ इंडिया’. कोर्टालाही आहे: ‘द हाय कोर्ट’. डीटीपी करणाऱ्या ताईंनी लगेच विचारलं, मिठीला नदी धरायची ना अजून? धरायची. व्याकरणात तरी.

३ जुलै

‘अ’ की ‘अॅन’. शाळेत शिकवतात: ए, ई, आय, ओ, यू आलं की ‘अॅन’. हा नियम डोळ्यांचा आहे, खरा नियम कानाचा आहे. शब्द स्वराच्या उच्चाराने सुरू होतो का, एवढंच ऐकायचं. म्हणून ‘अ युनियन लीडर’, स्पेलिंग यूने सुरू झालं तरी, कारण ऐकू येतो ‘य’. आणि ‘अॅन ऑनररी सेक्रेटरी’, स्पेलिंग एचने सुरू झालं तरी.

लघुरूपांनी तर धमाल केली, कारण मुंबईत लघुरूपांशिवाय घर मिळत नाही. ‘अॅन एनओसी’, ‘अॅन एसआरए बिल्डिंग’, ‘अॅन एफआयआर’, ‘अॅन आरटीआय अॅप्लिकेशन’, ‘अॅन एचएससी रिझल्ट’. अक्षरं व्यंजनांची, पण त्यांची नावं ए किंवा आच्या आवाजाने सुरू होतात. उलट ‘अ यूपीएससी कँडिडेट’. आणि म्हाडा? अक्षरं सुटी वाचली असती तर ‘अॅन’ झालं असतं. पण एम-एच-ए-डी-ए असं कोणी म्हणत नाही, सगळे म्हाडाच म्हणतात. म्हणून ‘अ म्हाडा फ्लॅट’. ‘अ बेस्ट बस’ही त्याच न्यायाने.

आकड्यांनाही कानच लावायचा: ‘अ वन बीएचके’, ‘अॅन इलेव्हन-स्टोरी टॉवर’, ‘अॅन ८.१७ लोकल’.

६ जुलै, रविवार

आषाढी. वडाळ्याच्या विठ्ठलाला गर्दी, वाचनालय बंद. घरी ‘च’चं पान लिहिलं. ‘कालच आलो’चं ‘आय केम यस्टरडे ओन्ली’ होतं. इंग्रजीत ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’. बाहेरच्याला वाटतं, काल एकदाच आला, रोज येत नाही. बहुतेक ठिकाणी ‘च’ गाळावा, गरज वाटलीच तर ‘जस्ट यस्टरडे’. बोलताना जोर आवाजाने द्यावा, शेपटीला शब्द लावून नव्हे.

१३ जुलै, रविवार

सर विरुद्ध इतर. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये, ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घुसवू नये, वाक्याची सुरुवात ‘अँड’ने करू नये. हे सगळं सरांना हवं होतं, लाल चौकटीत.

मला ही चौकट पटली नाही. शेवटच्या प्रिपोझिशनला नावं ठेवायला सुरुवात केली इंग्रज कवी जॉन ड्रायडनने, १६७२ साली, नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात खोट काढताना. लॅटिनमध्ये तसं होत नाही, म्हणून इंग्रजीतही नको, असा सूर पुढे पिढ्यान्पिढ्या शाळांतून चालला. ‘टू’ आणि क्रियापदाच्या मधल्या शब्दाची भीती तर एकोणिसाव्या शतकातली. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ हे कुठल्याही इंग्रज माणसाचं रोजचं वाक्य आहे. ते फिरवून ‘फॉर व्हॉट आर यू लुकिंग?’ लिहिणारा उमेदवार मुलाखतीत विचित्रच वाटेल.

‘फ्यूअर’ आणि ‘लेस’वर मात्र मी सरांच्या बाजूने. तो नियमही तसा एका माणसाच्या आवडीतून आलेला: रॉबर्ट बेकरने १७७० मध्ये, मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यूअर’ जास्त शोभतं, एवढंच म्हटलं होतं. पण आज परीक्षा घेणारे तो पाळतात, आणि आमचे वाचक परीक्षा देणारे आहेत. तेव्हा ठेवायचा. उदाहरण मेगाब्लॉकचं: रविवारी ‘फ्यूअर ट्रेन्स’ असतात आणि तरी ‘लेस क्राउडिंग’ नसतं. गाड्या मोजता येतात, गर्दी मोजायची सोय नाही.

तडजोड: लाल चौकटीऐवजी ‘यांना घाबरू नका’ असं अर्धं पान. सरांनी त्यावर सही केली नाही, पण प्रूफ तपासून दिलं, आणि एक स्वल्पविराम बदलला.

१७ जुलै

मालाडच्या कॉल सेंटरमध्ये काम करणारा एक मुलगा संध्याकाळी, कंपनीची गाडी यायच्या आधी, टेबलावर बसला. त्याला वेगळीच अडचण. ग्राहकाला तो म्हणाला, ‘आय हॅव अ डाउट’, आणि समोरचा तडकला, तुझा माझ्यावर विश्वास नाही का? आपल्याकडे ‘डाउट’ म्हणजे शंका, वर्गात हात वर करून विचारायची. तिकडे तो संशयाच्या अंगाने जातो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावं.

यावरून ‘इंडियन इंग्लिश’चं पान सुरू केलं, पण चुकांची यादी म्हणून नाही. ‘प्रीपोन’ हा आपला शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे, आणि उपयोगी आहे. पुढे ढकलायला ‘पोस्टपोन’ होताच, अलीकडे आणण्याला एक शब्द हवाच होता. ‘आउट ऑफ स्टेशन’मधलं स्टेशन रेल्वेचं नव्हे, साहेबाच्या नेमणुकीचं. जुनं, पण निरुपद्रवी. ‘रिव्हर्ट’ मात्र जपून वापरावा. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर देणे. भारताबाहेर त्याचा नेहमीचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. ‘रिप्लाय’ला काय झालंय? ‘पास्ड आउट इन २०१९’ वाचून परदेशातल्या माणसाला वाटेल, बिचारा चक्कर येऊन पडला होता. ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं.

आमची कसोटी एकच: वाचणारा कोण आहे? सोसायटीच्या नोटिशीत ‘काइंडली डू द नीडफुल’ खुशाल चालू द्या. चेअरमन त्याशिवाय हलतच नाहीत.

२० जुलै, रविवार

उरलेल्या चिठ्ठ्या: ज्यांचा मराठीशी काही संबंध नाही, इंग्रजीने स्वतःच घालून ठेवलेला घोळ.

‘स्टेशनरी’ची दोन स्पेलिंगं. शेवटी ए-आर-वाय असेल तर स्थिर, जागेवर उभं. ई-आर-वाय असेल तर वह्या-पेनं. मूळ एकच: फिरत्या विक्रेत्यांच्या काळात ठरावीक जागी दुकान मांडून बसणारा तो ‘स्टेशनर’. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर चालत गेलं तर पाट्यांवर दोन्ही स्पेलिंगं सुखाने नांदताना दिसतील. लक्षात ठेवायला एन्व्हलपचा ई.

‘अफेक्ट’ क्रियापद, ‘इफेक्ट’ नाम: रेन अफेक्ट्स ट्रेन्स, द इफेक्ट ऑफ रेन. एका बँकेत कामाला असलेल्या बाईंनी विचारलं, मग आमच्या पत्रात ‘इफेक्ट द ट्रान्सफर’ का असतं? बरोबर आहे ते. तिथे ‘इफेक्ट’ क्रियापद आहे, अर्थ घडवून आणणे. बँका आणि वकील सोडून फारसं कोणी वापरत नाही.

अॅपॉस्ट्रॉफी. ‘इट्स’मध्ये तो असला तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, नसला तर ‘त्याचं’. ‘हिज’ला आणि ‘हर्स’ला तो लागत नाही, तसाच या ‘इट्स’लाही लागत नाही. खरा रोग अनेकवचनात आहे. घरांवरच्या पाट्या: पाटील्स, सावंत्स, एसच्या आधी टिकली हटकून. पाटील मंडळी असं म्हणायचं तर टिकली नको. पाटलांचं घर म्हणायचं तर एसच्या नंतर. डीटीपीवाल्या ताई म्हणाल्या, आमच्या दारावर लावलीय, पितळेची आहे, आता काढत नाही.

२७ जुलै, रविवार

प्रूफं आली. ताईंच्या संगणकाने ‘चेक’, ‘कलर’, ‘सेंटर’ सगळं अमेरिकन करून ठेवलं होतं. आपल्याकडे बँक, कोर्ट, सरकार ब्रिटिश स्पेलिंग वापरतात, फोन मात्र बहुधा अमेरिकन शिकवून पाठवलेला असतो. म्हणून पुस्तिकेत एक ओळ वाढवली: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा ‘इंग्लिश इंडिया’ करा, अर्धी लाल रेघ नाहीशी होईल. जागा करायला ‘बिटवीन’ आणि ‘अमंग’चं उदाहरण कापलं.

अनुक्रमणिका पुन्हा त्याच रात्रशाळेच्या मुलीला दिली. ‘पर्यंत’ तिने लगेच काढलं आणि मग पुस्तिका परत न देता ‘पासून’ वाचत बसली.

छापखानेवाले म्हणतात, गुरुवारपर्यंत फाइल द्या. सरांनी लगेच विचारलं, बाय की टिल?

३ ऑगस्ट, रविवार

फाइल गेली. मुखपृष्ठ एकरंगी, किंमत छापलेली नाही, टेबलाजवळ डबा ठेवायचा. पहिले दोन गठ्ठे रात्रशाळेला, एक दवाखान्यातल्या मावशींना, बाकी वाचनालयात. गेटवरच्या काकांनी आपल्या वाक्यासाठी दोन प्रती मागितल्यात. एक गावी पाठवणार आहेत.

पेटीत नव्या चिठ्ठ्या आहेत, बऱ्याचशा ‘वुड’ आणि ‘विल’वर. मराठीत त्याचा शब्द कुठला, ‘ईन’ की ‘ला असता’ की दोन्ही, यावर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. पुढच्या रविवारी तिथून सुरुवात.